वाकलेली काच

“म्हणजे आता सिलिंडर आणायलाच नको?” उम्म हानीनं उंबऱ्यातूनच विचारलं.

समोरच्या घरातली ही बाई इब्तिहालला परकरी वयापासून ओळखत होती. तिच्या हातात द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या वळकट्यांची ताटली होती, आणि ती ताटली अभिनंदनाची होती. “आमचा हानी म्हणतो, पाण्याचं भांडं गच्चीवर उन्हात ठेवायचं, त्यात तुझी ती काच सोडायची आणि नळी शेगडीला जोडायची. झालं.”

“तसं नाही हो, मावशी.”

“मग कसं?”

इब्तिहालनं ताटली हातात घेतली. गेल्या काही दिवसांत हाच प्रश्न तिला टुकटुकवाल्यानं विचारला होता, भाजीवालीनं विचारला होता, कुवेतहून फोन करणाऱ्या सख्ख्या भावानंही विचारला होता. एकालाही धड उत्तर देता आलं नव्हतं.

“तिला काय विचारतेस?” आतून हाज सनूसी म्हणाले. इब्तिहालचे हे वडील. “ती शोध लावते. सिलिंडर आणणं तुझ्या नवऱ्याचं काम.”

“त्याला सांगून बघा तुम्हीच. गुडघे तुमचे गेलेत, पण जागचा हलत नाही तो.”

हाज सनूसी खदखदून हसले. बद्रियाच्या कालव्यावरच्या सरकारी पंपावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. मुलीनं माणसांची डॉक्टर व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती. ती पदार्थविज्ञानाची डॉक्टर झाली, तेव्हापासून कुणाशीही तिची ओळख करून देताना ते म्हणत, “ही आमची सुई न टोचणारी डॉक्टर.” चव्वेचाळिशी गाठलेल्या इब्तिहालला त्याचं आता काही वाटत नसे. पण बातमी आल्यापासून ते असं म्हणाले नव्हते. रोज संध्याकाळी धुतलेला झब्बा घालून, डोक्याला पांढरं मुंडासं गुंडाळून ते दारातल्या खुर्चीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा घ्यायला लावत.

इब्तिहालला त्यांच्याकडे बघवतही नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

झालं होतं ते असं. विद्यापीठात शिकवून उरलेल्या वेळात ती काचेवर गंज चढवत असे. खरोखरचा गंज, लोखंडाचा, फक्त इतका पातळ की काच नुसती विटकरी दिसावी. त्याच्याखाली काचेवर वीज वाहून नेणारा एक पारदर्शक थर असे. अशी काच पाण्यात सोडायची आणि तिच्यावर ऊन पाडायचं. उन्हानं गंजातला एखादा इलेक्ट्रॉन जागचा सुटतो आणि त्याच्यामागे रिकामी जागा उरते. सुटलेल्यानं काचेकडे जायचं, रिकाम्या जागेनं पाण्याकडे सरकायचं. दोघंही आपापल्या दारी पोचले तर पाणी फुटतं आणि त्यातून जाळता येईल असा हायड्रोजन निघतो. पण गंजातली वाट फार वाईट. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकं अंतर कापायच्या आतच दोघांची पुन्हा गाठ पडते आणि सगळं जिथल्या तिथे विझून जातं.

तिनं हे एकदा वडिलांना समजावलं होतं. सगळं ऐकून ते म्हणाले होते, “म्हणजे पाणी मध्येच कुठेतरी मुरतंय.”

“हो, बाबा.”

“कुठे?”

“तेच तर शोधतेय.”

दहा-अकरा वर्षं ती तेच शोधत होती आणि दर काचेमागे तेवढाच मुंगीएवढा करंट मिळत होता. एका मंगळवारी मात्र दिवा लावल्याबरोबर आकडा तिपटीनं चढला. तिनं तारा तपासल्या, पाणी बदललं, दिवा बदलला. आकडा खाली येईना. तिनं विभागप्रमुख रुश्दीसरांना बोलावलं. ते चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर तिनं तशीच काच पुन्हा केली. तीच कृती, तेच द्रावण, भट्टीचा तोच पाचशे अंशांचा आकडा. करंट जुनाच. आणखी एक केली, तरी तेच. इकडे ती काचा करत होती आणि तिकडे सरांनी डीनना सांगितलं होतं, डीननी आणखी कुणाला, आणि मोबाईलवर जिल्ह्याच्या बातम्या देणाऱ्या पानावर तिचा ओळखपत्रातला फोटो झळकला होता. वर लिहिलं होतं, ‘बद्रियाच्या कन्येनं पाण्यातून इंधन काढलं.’

“सर, पुन्हा येत नाहीये ते.”

“एकदा आलं म्हणजे आलं.”

“पण का आलं तेच कळत नाहीये.”

“कळेल. आधी जरा आनंद तर होऊ दे,” रुश्दीसर म्हणाले.

आपल्याला आनंद झाला आहे की नाही, हेही तिला नीट कळत नव्हतं. घरी लोक पेढ्यासारखं काहीबाही घेऊन येत होते, ती हसून ते घेत होती. आपण काहीतरी केलं होतं खास. पण काय?

सरांनीच मग तिला कैरोला पाठवलं. तिथल्या एका संस्थेत एक यंत्र होतं. डोळ्याला न दिसणाऱ्या टोकाची सुई त्यात काचेवरून ओळीनं चालत जाते आणि पावलापावलाला करंट मोजते. ते चालवणारा शनूदा हा बोटांत नेहमी विझलेली सिगारेट धरून बसणारा जाडजूड माणूस होता. मनगटावर गोंदलेला छोटा क्रूस, आणि टेबलावर चहाचे रिकामे पेले.

त्यानं काच चिमट्यानं उचलून यंत्रात ठेवली आणि लगेच बाहेर काढली.

“डॉक्टर, काच वाकडी आहे तुमची.”

“वाकडी?”

“सुई सपाट जागी चालते माझी. ही कॉफीखान्यातल्या टेबलासारखी डुगडुगतेय. कुठून आणलीत?”

“नेहमीचीच आहे.”

“मग नेहमीच वाकडी येत असेल,” तो म्हणाला. खाली कसलासा गोंद लावून त्यानं काच बसवली आणि यंत्राचं झाकण लावलं.

पडद्यावर नकाशा ओळीओळीनं उमटायला लागला. इब्तिहाल खुर्ची पुढे ओढून बसली. गंजाचे दाणे दिसत होते, एकमेकांना खेटून बसलेले, जवळजवळ सगळे काळे. अधूनमधून एखादा दाणा तेवढा पिवळा उजळलेला होता.

“म्हणजे सगळा करंट एवढ्यांतूनच जातोय?”

“दिसतंय तसंच.”

“आणि बाकीचे?”

“झोपलेत.”

“का?”

शनूदानं थंड चहाचा घोट घेतला. “मी गावाचा नकाशा काढतो, डॉक्टर. गावकरी का झोपलेत ते मला नका विचारू.”

ती हसली, पण तिची नजर पडद्यावरून हलली नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की सगळा गंज एकसारखा वाईट आहे. इथे तर बरेचसे दाणे काहीच करत नव्हते आणि मोजके दाणे सगळ्यांचं काम करत होते. दुपारी शेजारच्या खोलीतून दाण्यांतले घटक तपासणाऱ्या दुसऱ्या यंत्राचा कागद आला. शनूदानं तो वाचून तिच्याकडे सरकवला.

“उजळ दाण्यांत कथील सापडतंय. तुम्ही घातलंत का?”

“नाही.”

“तुम्ही नाही, मी नाही,” तो म्हणाला. “छान झालं.”

परतीच्या मायक्रोबसमध्ये काचेची डबी तिनं मांडीवर धरली होती. वाटेत गाडी चहाला थांबली. तिनं डबी उघडून काच पत्र्याच्या टेबलावर ठेवली आणि कडेला बोट टेकवलं. काच हलली. दुसरी कड दाबली. पुन्हा हलली. शेजारी एक शेतकरी बाई लेकराला पावाचा तुकडा भरवत होती, ती टक लावून बघत राहिली.

काच वाकते ती मऊ झाल्यावर. आणि पाचशेला ती मऊ होत नाही. कथील होतं ते काचेवरच्या त्या पारदर्शक थरात होतं. तिथून वर गंजात चढायला त्यालाही याहून कितीतरी जास्त आच लागते. चहा समोर तसाच राहिला. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला तेव्हा कुठे ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं थंड भट्टी उघडून आत डोकं घातलं. उष्णता मोजणारी दांडी विटेच्या भोकातून आत यायला हवी, ती मागे सरकून भोकातच अडकली होती, म्हणजे आतली आच सोडून विटेचीच आच मोजत होती. अभियांत्रिकीवाल्यांकडून दुसरं मापक आणून तिनं भट्टी सुरू केली. बाहेरचा आकडा पाचशे म्हणत होता. आत, मागच्या कोपऱ्यात, तापणाऱ्या तारांच्या जवळ, जवळपास आठशे होतं. दाराशी बरंच कमी. त्या मंगळवारची काच मागच्या कोपऱ्यात होती, नंतरच्या सगळ्या पुढे.

दांडी कधी सरकली? खोलीला रंग दिला तेव्हा भट्टी हलवली होती. की त्याच्याही आधी ती जिन्यावरून वर चढवताना सरकली? शिपायाला विचारलं, विद्यार्थ्यांना विचारलं, कुणालाच काही सांगता येईना.

आणि खूप तापवून काचेतलं कथील गंजात चढवायचं, हे परदेशात कधीच करून झालेलं होतं. तिनं स्वतः ते वाचलं होतं. मागच्या वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलंसुद्धा होतं. हातात आलेलं तेच तिला ओळखू आलं नव्हतं. ती स्टुलावर बसून राहिली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. हसू येईल असंही वाटलं.

रुश्दीसरांच्या खोलीत कोपऱ्यातल्या बादलीत फुलांचे गुच्छ उभे होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

“परवा समारंभ आहे,” शेवटी ते म्हणाले.

“म्हणूनच आले.”

“भट्टी बिघडली होती हे सांगायलाच हवं का? कारण तपासतो आहोत, असं म्हण. त्यात खोटं काय?”

इब्तिहालनं खरंच विचार केला. “कालपर्यंत खोटं नव्हतं, सर.”

“तुझी बढती दोनदा परत आलीय. या वेळी होईल.”

“ठाऊक आहे मला.”

“आणि मी उन्हाळ्यात निवृत्त होतोय.” ते बादलीकडे बघत होते. “एवढी वर्षं झाली इब्तिहाल, या विभागात कुणी फुलं घेऊन आलं नव्हतं.”

तिला राग यायला हवा होता, पण तो येईना, त्यामुळे ती आणखीच गोंधळली. आई गेली तेव्हा कबरीपाशी भावाच्या शेजारी उभं राहून माती लोटणारा माणूस हाच होता. तो तिला खोटं बोल म्हणत होता की गप्प बस म्हणत होता? आणि या दोहोंत फरक किती? ती “बघते” म्हणून बाहेर पडली. काय बघणार होती ते तिलाच ठाऊक नव्हतं.

समारंभाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्रांताधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डीन, नवा काळा कोट घातलेले रुश्दीसर. वडिलांना जिने चढवणार नव्हते, म्हणून ते घरीच होते. त्यांच्यासाठी हानी मोबाईल उंच धरून सगळं टिपत होता. मखमलीच्या डबीतलं पितळी मानचिन्ह तिच्या हातात दिल्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं. तोवर तिचं काही ठरलेलं नव्हतं. ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली आणि ठरलं.

“आमची भट्टी चुकीचा आकडा दाखवत होती,” ती म्हणाली. “आत फार जास्त उष्णता होती. त्यामुळे काचेतलं कथील वर चढलं आणि करंट वाढला. बाहेरच्या लोकांनी हे आमच्या कितीतरी आधी केलेलं आहे. आम्ही नवीन काही शोधलेलं नाही.”

मग प्रतिनिधीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

लोकांना नीट ऐकू गेलं नसावं, असं वाटून तिनं पुन्हा सांगितलं. “नवीन काही नाही. चुकून झालं.”

टाळ्या वाढल्या. “किती नम्र पोर आहे,” पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. प्रतिनिधी उठून तिच्याजवळ आला आणि नव्या भट्टीचं आपण स्वतः बघतो म्हणाला. मागे विद्यार्थिनींनी हर्षानं जीभ हलवून लग्नातल्यासारखा आवाज काढला. इब्तिहालनं रुश्दीसरांकडे पाहिलं. तेही टाळ्या वाजवत होते, सावकाश, आपल्या बुटांकडे बघत. सभागृहात आपण काय बोललो हे कळलेला तेवढा एकच माणूस होता.

ती घरी आली तेव्हा दारात माणसं होती. हाज सनूसींनी मानचिन्ह मांडीवर घेतलं, त्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. माणसं जाईपर्यंत इब्तिहाल स्वयंपाकघरात भांडी घासत बसली. मग हात पुसून वडिलांच्या पायाशी येऊन बसली.

“बाबा, हानीनं दाखवलं ना सगळं?”

“दाखवलं. आवाज येत नव्हता नीट. टाळ्या ऐकल्या.”

“हे आधीच कुणीतरी शोधलेलं आहे, बाबा. माझी भट्टी बिघडली होती. त्यामुळे माझ्याकडेही तेच झालं, एवढंच.”

हाज सनूसींनी मानचिन्ह डबीत ठेवून झाकण लावलं. पंपाच्या आवाजात जन्म गेलेल्या त्या माणसाला ऐकू कमी येत असे. आपलं बोलणं पोचलं की नाही, तिला कळेना. ती पुन्हा सांगणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, “कोणी शोधलं?”

“परदेशातल्या लोकांनी.”

“मग त्यांच्याकडचे सिलिंडर बंद झाले?”

“नाही.”

“का?”

“तेवढ्यानं भागत नाही. करंट अजून फार कमी पडतो.”

“म्हणजे त्यांचंही पाणी मुरतंच आहे.”

“मुरतंय.”

“मग ते टाळ्या कशाला वाजवून घेतात?” ते म्हणाले. ही थट्टा होती की खरा प्रश्न, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी उम्म हानी आली तेव्हा तिनं काही विचारायच्या आतच ते म्हणाले, “शोध आधीच लागलेला होता. पोरीची भट्टी बिघडली होती.” आवाज त्यांनी जराही खाली आणला नाही. उम्म हानी बघतच राहिली. मग म्हणाली, “म्हणजे सिलिंडर आणायचाच,” आणि आत जाऊन तिनं स्वतःच चहा टाकला.

लोक यायचे हळूहळू थांबले. हाज सनूसी तरीही काही दिवस धुतलेला झब्बा घालून दारात बसत राहिले. मग थंडी पडली आणि खुर्ची आत आली.

इब्तिहालनं जे झालं ते तसंच लिहून काढलं, भट्टीसकट. रुश्दीसरांनी वाचलं, एके ठिकाणचा स्वल्पविराम बदलला आणि खाली आपलं नाव राहू दिलं. निबंध कुठेतरी छापून आला. बढती तिसऱ्यांदा परत आली. प्रतिनिधीची भट्टी आली नाही. दांडी तिनं स्वतःच तारेनं बांधून जागेवर बसवली.

जुन्या काचांचं काय करायचं हे मात्र तिला बरेच दिवस ठरवता येईना. कपाटात ट्रेमागून ट्रे भरून विटकरी काचा होत्या. त्यातली कोणती किती आचेवर भाजली गेली होती, हे आता कुणीच सांगू शकलं नसतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी तिनं हातमोजे घातले, धुराड्याखाली ॲसिड गरम केलं आणि काचा एकेक करून त्यात सोडायला सुरुवात केली. काही गंज लगेच सुटला, काही चिवटपणे धरून राहिला. ॲसिड पिवळं होत गेलं.

रुश्दीसर आत आले. त्यांची खोली आवरून झाली होती, हातात पुस्तकांची पिशवी होती.

“सगळ्या?” त्यांनी विचारलं.

“सगळ्या. काच तरी वापरता येईल.”

ते थोडा वेळ उभे राहिले. मग पिशवी खाली ठेवून त्यांनी बाह्या दुमडल्या, खिशातला रुमाल काढला आणि ती पाण्यातून खळबळून ठेवलेल्या काचा पुसायला लागले. ती एकेक ठेवत होती, ते पुसून खिडकीशी ओळीनं लावत होते. अजानचा आवाज आला तेव्हा त्यांनी रुमाल पिळून खिशात घातला, पिशवी उचलली आणि “बराय, पोरी” म्हणून गेले.

त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. इब्तिहालनं खिडकीपाशी जाऊन पाहिलं. प्रत्येक काचेवर रुमालाचे धागे आणि त्यांच्या बोटांचे ठसे होते. तिनं त्या सगळ्या परत उचलल्या आणि नळाखाली पहिल्यापासून धुवायला घेतल्या.